ताटाशेजारचं कपलिंग

अग्निशमन केंद्राच्या मागच्या अंगाला एक लांबट खोली होती आणि तिला लागून एक उंच, पोकळ मनोरा. बाहेरच्या माणसाला वाटायचं, मनोऱ्यावर उभं राहून कुणीतरी शहरावर नजर ठेवत असेल. तसलं काही नव्हतं. मनोऱ्यात पाइप वाळत घातलेले असायचे. आगीवरून आलेले ओले पाइप धुऊन वरच्या कप्पीला अडकवायचे आणि उभे सोडून द्यायचे, म्हणजे पाणी निथळतं आणि सावलीत वारा लागतो. खोली आणि मनोरा या दोन्हींवर ज्याची सत्ता चाले त्याला सगळे मास्तर म्हणत. शाळेशी त्याचा संबंध लहानपणीच तुटला होता, पण बोलणं असं की समोर उभ्या राहिलेल्या माणसाला आपण गृहपाठ केला नाही असंच वाटावं.

मास्तर पूर्वी बंबावर होता. एका रंगाच्या कारखान्याला आग लागली तेव्हा त्याच्या छातीत धूर गेला आणि तिथेच घर करून बसला. डॉक्टरांनी धावपळ बंद केली, साहेबांनी पाइपखोली दिली. तोवर ही खोली म्हणजे केंद्राची अडगळ होती. पाइप चिखलासकट गुंडाळून रॅकवर फेकलेले, आतल्या रबराला बुरशीचा वास, पाइपाला पाइप जोडणाऱ्या पितळी कपलिंगांचे आटे ठेचलेले. मास्तरने ती खोली अशी काही लखलखीत केली की साहेब पाहुण्यांना मुद्दाम दाखवायला आणू लागले.

त्याचे नियम ठरलेले. पाइप फरफटत आणायचा नाही, खांद्यावरून आणायचा. त्यावरून गाडी जाऊ द्यायची नाही, अगदीच इलाज नसेल तर दोन्ही बाजूंना लाकडी पाट लावायचे. उन्हात वाळवायचा नाही, रबर तडकतं. गुंडाळताना घडी दरवेळी वेगळ्या जागी पडली पाहिजे, नाहीतर नेमक्या त्याच रेषेवर तो एक दिवस दगा देतो. आणि आट्यांचं टोक नेहमी आत घ्यायचं, म्हणजे रोल कुठे आपटला तरी आटे शाबूत राहतात. यातलं काही चुकलं की मास्तरच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. त्याची बायको म्हणायची, घरातल्या एका चादरीची घडी घातली नाही या माणसाने आजवर, आणि तिकडे पाइपांना तळहाताच्या फोडासारखं जपतो.

पण खरं दुखणं वेगळं होतं. आग विझली की कौतुक बंबावरच्या जवानांचं व्हायचं. त्यात वावगं काही नाही, जीव त्यांनी धोक्यात घातलेला असायचा. मास्तरलाही हे कळत होतं. तरी मागच्या अंगणात गुडघ्यावर बसून तो काजळी घासत असताना पुढून हसण्याचे आवाज आले की त्याला आत कुठेतरी ठुसठुसायचं. आपणही एके काळी त्या हसण्यात होतो, हे त्याला विसरता येत नव्हतं. माणसाला मान मिळाला नाही तर तो निदान वचक तरी मिळवायला बघतो. मास्तरने वचक मिळवला, तोही हसत हसत, आणि गोष्टीची मेख तिथेच आहे.

झालं असं. एका आगीत कुणीतरी पाइप आत टाकून आला. ढिगारा थंड झाल्यावर त्यातून फक्त त्याचं पितळेचं कपलिंग मिळालं, काळं पडलेलं, एका बाजूने वितळून चपटं झालेलं. मास्तरने ते धुतलं, पुसलं, आणि दुपारी सगळे जेवायला बसले असताना त्या जवानाच्या ताटाशेजारी नेऊन ठेवलं. म्हणाला, हे पोरकं झालंय, आता याचा सांभाळ तू कर. भोजनखोलीत जो हशा पिकला तो मास्तरला किती तरी दिवस पुरला. मग ती रीतच पडली. जो पाइप सोडून येईल त्याच्या ताटाशेजारी पोरकं बसायचं, आणि पुढचा कुणी पाइप सोडून येईपर्यंत तिथून हलायचं नाही. साहेबांनाही गंमत वाटली. पाइप कमी जळायला लागले, तेव्हा तर साहेबांना ती गंमत जरा जास्तच आवडली.

आता, साहेबांची लांब शिट्टी झाली की हातात असेल ते टाकून बाहेर पडायचं, हा नियम मास्तरच्या सगळ्या नियमांच्या आधीचा. तो मास्तरनेही कधी नाकारला नाही. त्याने फक्त नियम पाळणाऱ्याच्या ताटाशेजारी एक काळं कपलिंग ठेवलं.

या केंद्रातच मास्तरचा साडू होता, म्हणजे त्याच्या मेहुणीचा नवरा. मास्तर थोरलीचा, हा धाकटीचा. साडू बंबावर, आणि धुरात शिरण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. सरावासाठी केंद्रात धुराने भरलेली एक अंधारी खोली होती, तीत तो डोळ्यांवर पट्टी बांधूनही दार शोधून दाखवायचा. स्वभावाने तो शांत होता. थट्टा करणाऱ्यांपेक्षा थट्टा सोसणाऱ्यांतला. मास्तर वयाने मोठा, शिवाय साडूचं नातंच चेष्टामस्करीचं, तेव्हा सगळं आलबेल चाललं होतं.

लाकडाच्या एका वखारीला आग लागली तेव्हा शिट्टी झाली आणि साडू पाइप टाकून बाहेर आला. अगदी बरोबर केलं त्याने. त्याच्यामागे वखारीचं छप्पर बसलं. पण दुसऱ्या दिवशी पोरकं त्याच्या ताटाशेजारी आलं, आणि पुढे बरेच दिवस पाइप सोडावा लागेल अशी मोठी आगच लागली नाही, त्यामुळे ते तिथून हलेना. साडू रोज त्याच्याशेजारी जेवायचा. येणारे जाणारे विचारायचे, काय, पोरगं बरं आहे ना? तो हसून मान हलवायचा.

तेवढ्यावर राहिलं असतं तरी चाललं असतं. पण साडूच्या मुलीला शाळेत चित्रकलेचं बक्षीस मिळालं, त्याबद्दल सुट्टीच्या दिवशी साडूकडे जेवण ठरलं, आणि मास्तरला खुमखुमी आली. निघताना त्याने केंद्रातून पोरकं उचलून पिशवीत टाकलं. टेबलावर पानं वाढून झाली, सगळे बसले, तसं त्याने ते बाहेर काढलं आणि साडूच्या ताटाशेजारी ठेवून दिलं. नियम म्हणजे नियम, म्हणाला, ताट कुठलंही असो. मेहुणीला आधी काही उमगेना, मग मास्तरने सगळी कथा तिखटमीठ लावून सांगितली. मुलगी डोळे मोठे करून ऐकत होती. तिने बापाला विचारलं, बाबा, तुम्ही घाबरून पळालात?

मास्तरला तिथे थांबता आलं असतं. पुढे किती तरी वेळा त्याने मनातल्या मनात स्वतःला त्या जागी आणून थांबवलं. पण त्या दिवशी तो रंगात आला होता.

"छे गं, पळतील कशाला," तो म्हणाला. "पाइपला म्हणाले, तू हो पुढे, मी आलोच."

सगळे हसले. मुलगी तर इतकी हसली की तिला ठसका लागला. साडूही हसला, पण त्याने पुन्हा काही वाढून घेतलं नाही. मास्तरने ते पाहिलं. पाहिलं नाही असं म्हणायची सोयच त्याला पुढे उरली नाही, कारण त्याला ते स्वच्छ आठवत होतं. आणि पाहूनही त्या क्षणी बरं वाटलं होतं, हेही आठवत होतं. पोरकं त्या दिवशी साडूच्या घरीच राहिलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत गाद्यांच्या गोदामाला आग लागली. सकाळची वेळ, कामगार बाहेर पडलेले, आत फक्त गाद्या आणि फोम. फोमचा धूर म्हणजे काळं पाणीच, हात पुढे केला तर हात दिसत नाही. आतला माळा झुकायला लागल्यावर साहेबांनी लांब शिट्टी दिली. एकेक जण बाहेर आला. साडू आला नाही. माळा खाली आला तेव्हा तो दारापासून फार लांब नव्हता. जोडीदारांनी त्याला ओढून काढलं, पण एक पाय गुडघ्याखाली चेचला गेला होता, तो डॉक्टरांना वाचवता आला नाही.

मास्तर तेव्हा पाइपखोलीत होता. बातमी आली तशा त्याने चपला घातल्या. इस्पितळात धावायला निघणार एवढ्यात गाडी आली आणि तिच्यातून पाइप उतरले. बरेचसे तसेच ओढून काढलेले, वेटोळ्यांच्या ढिगासारखे. त्यांच्यात एक रोल होता. उतरवणारा जवान डोळे पुसत म्हणाला की हा तुमच्या साडूंच्या पोटाखाली होता, स्ट्रेचरवर घेताना बाजूला केला आणि बाकीच्यांबरोबर गाडीत टाकला. एवढं बोलून तो पुढे गेला. त्या दिवशी पाइपाकडे बघायला कुणाला भान होतं.

मास्तरला होतं. त्याने तो रोल हातात घेतला. पुरा झाला नव्हता, शेवटचा भाग सुटा लोंबत होता, पण जेवढा होता तेवढा घट्ट आणि सरळ. त्याने कडेने आत बोट घालून पाहिलं. आट्यांचं टोक आत होतं.

धुरात वाट चुकलेला माणूस पाइप गुंडाळत बसत नाही, एवढं तर कुणालाही कळेल. पण मास्तरला त्याहून जास्त कळत होतं. धुरात जवानाची वाट म्हणजे त्याचा पाइपच. जमिनीवर गुडघे टेकून पाइप हाताखाली धरायचा, जोडापाशी आलं की कपलिंग चाचपायचं, आटे कुठल्या बाजूला आहेत यावरून बंब कुठल्या बाजूला ते कळतं, आणि तसंच सरपटत बाहेर यायचं. साडूने जोड सोडवला होता आणि तो पाइप गुंडाळायला घेतला होता. म्हणजे त्याने स्वतःच्या हाताने स्वतःची वाट गुंडाळली होती.

मग त्याने रोल उघडला. अंगणात लांब पसरला, पाणी सोडलं, ब्रशने घासला आणि इतरांबरोबर मनोऱ्यात टांगला. धुवायचा तर उघडावाच लागतो, असं त्याने स्वतःला सांगितलं. ते खरंही होतं. टांगल्यावर तो पाइप बाकीच्या पाइपांसारखाच दिसायला लागला आणि मास्तर इस्पितळात गेला.

साडू शुद्धीवर आल्यावर साहेबांनी त्याला विचारलं, शिट्टी ऐकू आली नव्हती का. साडू म्हणाला, आली, पण धुरात दिशा चुकली. साहेबांनी मान हलवली. पलंगाच्या पायथ्याशी मास्तर उभा होता. साडूने एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. मास्तर औषधांची चिठ्ठी उचलून खाली गेला.

त्या दिवसापासून मास्तरने साडूची जी सेवा केली तिला तोड नाही. इस्पितळात डबा तो नेणार, औषधं तो आणणार, घरी आणल्यावर जिन्यात कठडा त्याने बसवला, न्हाणीघरात बसायला खुर्ची करून दिली, तिच्या पायांना पाइपाचं जुनं रबर लावलं म्हणजे घसरू नये. काम सुटलं की घरी न जाता तो साडूकडे जायचा. मेहुणी ज्याला त्याला सांगायची, सख्खा भाऊ करणार नाही एवढं भाऊजी करतात. हे ऐकलं की मास्तरच्या अंगावर कुणीतरी गरम पाणी ओतल्यासारखं व्हायचं. तो काहीतरी कामाचं निमित्त काढून उठायचा आणि गॅलरीत जायचा. तिथे आणखी पंचाईत. गॅलरीचं दार वाऱ्याने आपटायचं म्हणून मेहुणीने त्याला खाली काळं कपलिंग लावून ठेवलं होतं. एकदा तिनेच कौतुकाने दाखवलं, म्हणाली, तुमचं ते पोरकं फार कामाचं निघालं बघा, भाऊजी.

केंद्रात त्याने पोरक्याचं नाव काढणं सोडलं. पुढच्या एका आगीत कुणी पाइप सोडून आला तेव्हा दोघातिघांनी विचारलं, मास्तर, पोरकं कुठंय? तो म्हणाला, हरवलं. आवाजात अशी धार होती की पुन्हा कुणी विचारलं नाही. सगळ्यांना वाटलं, साडूच्या दुःखाने मास्तर मऊ झाला आहे. लोक त्याच्याशी जास्तच आदराने वागू लागले. जो मान मिळावा म्हणून त्याने एवढा खटाटोप केला होता, तो आता पायापाशी चालत आला, आणि तो त्याच्या घशाखाली उतरेना.

घरी बायको सगळं बघत होती. ती काही भोळी नव्हती. बहिणीचं घर म्हणून तिला बरंच वाटायला हवं होतं, पण नवऱ्याला ती ओळखून होती. तिच्या आजारपणात या माणसाने पाण्याचा पेला उचलून दिला नव्हता, त्याला एकाएकी एवढा पाझर कुठून फुटला? एक दिवस तो पिशवीत फळं भरत असताना ती दारात उभी राहिली.

"एक सांगू का," ती म्हणाली, "तुम्ही तिकडे निघता ते माफी मागायला निघाल्यासारखे. आणि परत येता ते न मागता."

तो तिच्यावर खेकसला, भलतंसलतं बोलू नकोस म्हणाला, आणि पिशवी घेऊन गेला. वाटेत त्याला एका दुकानाच्या पायरीवर बसावं लागलं. छातीचं दुखणं असेल असं समजून दुकानदाराने पाणी दिलं.

पुढे साडूला लाकडी पाय बसवला, तो कुबडी घेऊन चालायला लागला. बंबावर जाणं आता शक्य नव्हतं. पण केंद्रात नव्या जवानांना धुराच्या खोलीत शिकवायला माणूस हवा होता. साडूने साहेबांकडे शब्द टाकला. घरातही त्याबद्दल बोलला, आणि कितीतरी दिवसांनी त्याच्या आवाजात जीव आल्यासारखं मेहुणीला वाटलं. मास्तरलाही हायसं वाटलं. हे झालं की सगळं जागेवर येईल, असा त्याने हिशेब मांडला. मग साहेब एकदा पाइपखोलीत आले आणि दार लोटून घेत म्हणाले की तुमच्या साडूंना तुम्हीच जरा समजावा, मला बोलवत नाही. धुरात दिशा चुकलेला माणूस पोरांना दिशा कशी शिकवणार? समोर कुणी बोलणार नाही, पण मागे हसतील. दूरध्वनीवर बसवू त्यांना, काम हलकं आहे.

साहेब गेले. मास्तर रॅकांपुढे उभा राहिला. सगळे रोल ओळीत, सगळ्यांची आट्यांची टोकं आत. एका वाक्याचं काम होतं. हा माणूस वाट चुकला नव्हता, माझ्या थट्टेपायी मागे फिरला होता. हे वाक्य त्याच्याशिवाय जगात दोघांनाच ठाऊक होतं असं म्हणावं तर एक म्हणजे तो पाइप, तो मनोऱ्यात वाळून पुन्हा आगीवर गेला होता, आणि दुसरा साडू, तो बोलत नव्हता. वाक्य बोललं की पाइपखोली जाणार, हे मास्तरला दिसत होतं. पाइपखोली गेली की आपल्यापाशी काय उरतं, हेही दिसत होतं. काही दिवस त्याने ते वाक्यही टाळलं आणि साडूला समजावणंही, शेवटी साहेबांनीच निरोप धाडला. साडूला दूरध्वनीच्या कामाचं कळलं, तेव्हा तो बरं म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून निजला. दिवसाढवळ्या, बाहेर ऊन असताना. मेहुणीने हे रडत सांगितलं आणि वर म्हणाली, भाऊजी, तुमचंच ऐकतील ते, तुम्ही काहीतरी बोला.

तेव्हा तो गेला. मेहुणी बाजारात होती, मुलगी शाळेत. साडू गॅलरीत खुर्चीवर बसला होता. मास्तर हातात पिशवी न घेता आला आहे हे त्याच्या लक्षात आलं असावं, कारण त्याने बसा म्हणायच्या आधी मास्तरच्या हातांकडे पाहिलं. मास्तरने खूप तयारी केली होती, पण तोंडातून निघालं ते एवढंच.

"रोल मी उघडला होता."

साडूने कुबडी बाजूला सरकवली.

"मला माहीत आहे," तो म्हणाला. "मीच केला होता तो. पोटाखाली घेऊन पडलो होतो. तुमच्या हाताला तो लागल्यावर तुम्हाला कळणार नाही असं होईल का?"

मास्तरने विचारलं, मग तू साहेबांना दिशा चुकली असं का सांगितलंस. साडू म्हणाला, दुसरं काय सांगणार? शिट्टी ऐकली, वळलोही होतो, आणि पोरगी डोळ्यांपुढे आली, हसताना. वाटलं, केवढासा पाइप, गुंडाळायला कितीसा वेळ लागतो. हे सांगितलं असतं तर पाइपापायी पाय घालवला म्हणून लोक पुन्हा हसले असते. दिशा चुकली म्हटल्यावर निदान कीव केली. हे सगळं तो इतक्या सपाट आवाजात बोलला की मास्तरला वाटलं, याने ओरडावं, कुबडी उचलावी, काहीतरी करावं.

"माझं चुकलं," मास्तर म्हणाला. "फार चुकलं माझं."

"वाट बघत होतो मी," साडू म्हणाला. "इस्पितळात असल्यापासून. तुम्ही फळं आणलीत, औषधं आणलीत, खुर्ची केलीत. हे एवढंच आणलं नाहीत."

मास्तर तोंड झाकून रडला. साडूने त्याला रडू दिलं, थोपटलं नाही. मग म्हणाला की साहेबांना काय सांगायचं ते तुम्ही ठरवा, मी अडवत नाही. बायकोला मी सांगेन.

"पोरीला मात्र तुम्ही सांगायचं," तो म्हणाला. "त्याच टेबलावर. तिथेच हसवलं होतंत तुम्ही तिला."

साहेबांना सांगणं त्यामानाने सोपं गेलं. साहेब आधी चिडले, मग म्हणाले की ती गंमत मलाही आवडली होती. मास्तरने पाइपखोलीची किल्ली काढून टेबलावर ठेवली. साहेबांनी ती परत त्याच्याकडे सरकवली आणि सांगितलं की एवढ्यावर सुटका नाही, खोली तुम्हीच सांभाळायची, आणि यापुढे एक पाइप जळाला काय, दहा जळाले काय, कुणाला एक अक्षर बोलायचं नाही. धुराच्या खोलीबद्दल ते लगेच काही म्हणाले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः साडूच्या घरी जाऊन विचारलं, कधीपासून येताय शिकवायला?

राहिली मुलगी. सुट्टीच्या दिवशी दोन्ही घरं पुन्हा त्याच टेबलाभोवती बसली. साडूने बायकोला सांगितलेलं दिसत होतं, कारण मेहुणीने दार उघडलं पण भाऊजी म्हणून हाक मारली नाही. तिने वाढलं, सगळ्यांना वाढलं, मास्तरलाही वाढलं, आणि त्याच्याकडे बघितलं नाही. मास्तर उठला, गॅलरीच्या दाराखालचं कपलिंग काढून आणलं आणि आपल्या ताटाशेजारी ठेवलं. मुलीकडे बघून बोलायचं असं त्याने ठरवलं होतं, पण तो कपलिंगाकडे बघून बोलला. तुझे बाबा धुरात वाट चुकले नव्हते, असं त्याने सांगितलं. त्यांच्याइतकी धुरातली वाट कुणालाच कळत नाही. शिट्टी झाल्यावर पाइप टाकून येणं हेच बरोबर असतं, आणि वखारीत त्यांनी बरोबर तेच केलं होतं. मी त्यावर त्यांना हसलो, सगळ्यांना हसवलं, म्हणून पुढच्या वेळी ते पाइप घ्यायला मागे फिरले.

टेबलावर कुणी जेवत नव्हतं. साडूसाठी, मेहुणीसाठी, साहेबांसाठी, प्रत्येकासाठी मास्तरने मनात उत्तरं जुळवून ठेवली होती. मुलगी चिडली तर काय म्हणायचं, रडली तर काय म्हणायचं, तेही ठरवलं होतं. मुलगी चिडली नाही, रडलीही नाही. ती कपलिंगाकडे बघत होती.

"काका," ती हळूच म्हणाली, "मी पण हसले होते."

एवढे दिवस आपल्या एकट्याचं म्हणून जे ओझं मास्तर छातीशी धरून फिरत होता, ते त्याने आज उतरवायला काढलं आणि नेमकं एका पोरीच्या हातात दिलं. साडूने मुलीला जवळ ओढून घेतलं. तुझा यात काही दोष नाही, असं मास्तर म्हणाला, साडू म्हणाला, मेहुणीही म्हणाली, आणि मुलीने मान डोलावली. मोठ्यांचं मन राखायला मुलं डोलावतात तशी.

साडू आता धुराच्या खोलीत शिकवतो. त्याचा पहिला धडा पाइप सोडण्याचा असतो. शिट्टी झाली की हातातला पाइप टाकायचा, आणि जो टाकणार नाही त्याला तो पुन्हा पुन्हा करायला लावतो. मुलगी मोठी झाली आहे, काकांशी नीट बोलते, पण त्यांच्यासमोर हसत नाही. मास्तर पाइपखोलीतच आहे. ढिगाऱ्यातून काळी कपलिंगं येतात, ती तो मुकाट्याने घेतो आणि भंगारात टाकतो.

पोरकं तेवढं त्या दिवशी तो बरोबर घेऊन आला, ते त्याच्या घरी आहे, जेवणाच्या टेबलावर, त्याच्या ताटाशेजारी. बायको रोज ते उचलते, खालची जागा पुसते आणि परत तिथेच ठेवते. पुढचा कुणी पाइप सोडून येईपर्यंत ते हलायचं नाही, असा नियम त्यानेच केला होता. जवान तर आता शिट्टी झाली की बेलाशक पाइप सोडून येतात. पण त्यांना आता कुणी काही म्हणत नाही, त्यामुळे ते पोरकं दुसऱ्या कुणाकडे द्यायची सोय राहिलेली नाही.